इंजिनाएवढीच कंबर

"मिस्टर टफ्ट, तुमचं एखादं रॉकेट कधी परत आलंय का हो?"

मायतेने विचारलं, आणि बर्फाच्या पेटीआड लपलेल्या ब्रिन आणि तालियाच्या तोंडून फुस्सकन हसू सुटलं. पैज त्यांनीच लावली होती. विचारून दाखवलंस तर तुझ्या आईच्या चोरिझो सँडविचमधला आमचा वाटा तुझा, म्हणाल्या होत्या. मायते एचेवेरी गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा हळूच 'ओ' द्यायची. या वर्षी काय झालं कोण जाणे, सोळावं लागलं आणि तिला कंठ फुटला, तो आता कुणाहीपुढे फुटत होता.

टफ्ट म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर आणि रॉकेट क्लबचे परीक्षक. नेवाडातल्या या कोरड्या तळ्यावरून त्यांची रॉकेटं वर जात, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आलीत ना. दोन."

"फक्त दोन?"

"आणि दोन्ही मला आवडत नव्हती. आण इकडे तुझं."

मायतेचं रॉकेट तिच्या छातीला लागेल एवढं उंच आणि लाटण्याएवढं जाड होतं. बाकीच्यांची रॉकेटं म्हणजे घरं असतात, इंजिन त्यातल्या एका खोलीत राहतं. हिच्या रॉकेटात खोलीच नव्हती. इंजिन नळीत असं बसायचं की मध्ये कागदही सरकणार नाही. त्यामुळे पंखांना आत पाय रोवायला जागा नाही, ते नळीच्या कातडीवर नुसते चिकटवलेले. सगळी भिस्त इपॉक्सीवर, म्हणजे त्या दगडासारख्या वाळणाऱ्या गोंदावर. अख्खा हिवाळा ती गॅरेजमध्ये पंखांच्या बेचक्यांत इपॉक्सी भरून चमच्याच्या पाठीने गुळगुळीत करत बसली होती. ते लवकर वाळावं म्हणून तिने आमाचा, म्हणजे आईचा, हेअर ड्रायर नेला, तो आमाने नंतर परत मागितला नाही.

"पहिल्या परीक्षेला असलं कुणी आणत नाही," असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. परीक्षेला जाडजूड आणावं, ते थोडंसं वर जातं आणि पायाशी येऊन पडतं. ब्रिन आणि तालिया सकाळीच तशा पास झाल्या होत्या. नियम सोपा होता: रॉकेट उडायचं, धड परत यायचं आणि त्याच दिवशी परीक्षकांच्या हातात पडायचं. पास झाली तर सप्टेंबरच्या मोठ्या मेळाव्यात त्या दोघींबरोबर मायतेचंही रॉकेट उडणार होतं. नाही झाली तर ती जाणार, पण नुसती बघायला. मध्ये उन्हाळाभर इथे पाऊल ठेववत नाही, त्यामुळे आजचा दिवस शेवटचा.

टफ्टनी रॉकेट नाकाला, म्हणजे टोकाच्या टोपणाला, धरून लोंबतं ठेवलं. नाक सुटलं नाही. एक हिसका दिला, तेव्हा सुटलं.

"हं," ते म्हणाले. मग एका बोटावर आडवं तोलून पाहिलं. "हंऽ. आता नाक लावून बीप ऐकव."

रॉकेट कुठे पडलं ते बीप देऊन सांगणारा रेडिओ नाकात बसवला होता. रिसीव्हर आइताच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, हातात होता. त्याचा अँटेना माशाच्या काट्यासारखा. नाक उघडं होतं तोवर बीप बीप चाललं होतं. मायतेने नाक लावलं. शांत. काढलं, बीप. लावलं, शांत.

"गॅरेजमध्ये चालत होतं!" मायते म्हणाली.

"रंग देण्याआधी की नंतर?"

 टफ्टनी रंगावरून नख फिरवलं. रंग चंदेरी होता, आरशासारखा. तिघी मैत्रिणींनी दुकानात अर्धा तास घालवून निवडलेला.

"यात धातूची भुकटी असते. रेडिओला हे पत्र्याचं डबडं वाटतंय."

"आम्ही म्हटलं होतं निळा घे," तालिया म्हणाली.

"तू? तूच म्हणालीस चंदेरी म्हणजे स्टार दिसेल!"

"स्टारच दिसतंय की. ऐकू येत नाहीये, एवढंच."

एवढ्यात आइता ट्रकमधून टर्की घेऊन आला. टर्की म्हणजे बापलेकींनी मागच्या वर्षी केलेलं नारिंगी रॉकेट, टर्की पक्ष्यासारखं बुटकं आणि ढेरपोटं. आइताने ते बरोबर घेतलंय हे मायतेला ठाऊक नव्हतं.

"राहू दे म्हटलं गाडीत," आइता म्हणाला. "लागलं तर असावं. इंजिनही आहे याचं."

"आइता, तुला खात्री होती माझं बिनसणार म्हणून?"

"खात्री नव्हती गं. शंका होती."

"टर्की उडव ना," ब्रिन म्हणाली. "ती आंधळ्यालाही दिसेल."

मायतेने शेजारच्या तंबूतून पॉलिश पेपर मागून आणला, मांडी घातली आणि नाक घासायला बसली. चार हात रंगाचे होते. प्रत्येक हातानंतर ती एक रात्र थांबली होती, धूळ बसू नये म्हणून गॅरेजमध्ये कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता त्याच रंगाची राखाडी पूड तिच्या जीन्सवर पडत होती. थोडं घासायचं, नाक लावायचं, ऐकायचं. नाही. पुन्हा घासायचं. मग तालियाही एक तुकडा घेऊन बसली, आणि ब्रिनही, वर "माझी नखं गेली तर भरून दे" म्हणत.

आमा ओलं फडकं घेऊन आली. "हे चार हात देत होतीस तेव्हा जेवायला हाका मारून माझा घसा बसला होता," म्हणाली, आणि नाक पुसून दिलं.

शेवटी नाक सोललेल्या कोंबडीसारखं दिसायला लागलं, तेव्हा बीप आलं. बारीक, मग स्वच्छ.

"दिसायला भयाण आहे," टफ्ट म्हणाले आणि उडवायच्या परवानगीच्या कार्डावर सही केली. "बॅटरी केवढी आहे आत?"

"पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्याहून मोठी मावतच नाही."

"आणि हे एवढा वेळ चालूच ठेवलंत?"

मायतेने रिसीव्हरवर पाहिलं. अर्ध्याहून बरीच खाली. "तासभर जाईल," ती म्हणाली. मध्येच वारा सुटला होता, पण नियमात बसेल एवढाच.

भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. एचेवेरीचा उच्चार चुकला, तो नेहमीच चुकतो. पाचपासून उलटे आकडे मोजले गेले. मग जे झालं ते इतक्या लवकर झालं, की आवाज कानावर आला तेव्हा उडवायच्या खांबावर काहीच उरलं नव्हतं. पांढरी रेघ वर गेली, बारीक झाली, संपली. सगळ्यांच्या माना वर. मायतेला रॉकेट दिसत नव्हतं, पण कानात बीप होतं. पंख निखळले नव्हते, नाहीतर रेघ वाकडी झाली असती. हिवाळ्याचं काम टिकलं होतं. ती एकदाच जोरात ओरडली, गर्दीतले दोन कुत्रे भुंकले.

मग बीप हळूहळू पूर्वेकडे सरकलं. पॅराशूट उघडलं होतं आणि वारा त्याला नेत होता. मायते माशाचा काटा त्या दिशेला धरून वळत गेली. बीप खाली आलं, टेकडीच्या कडेला टेकल्यासारखं झालं आणि तुटलं.

"पलीकडे पडलं," टफ्ट म्हणाले. "मध्ये डोंगर आला की रेडिओ गप्प. वर चढून गेलीस तर ऐकू येईल. बॅटरी आहे तोवर."

"जाऊन येईपर्यंत तुम्ही असाल?"

"नाही. आता खांब उतरवले की मी निघणार. उन्हात पुरे झालं मला." ते थोडं थांबले. "टर्की भरून रांगेत लावलीस तर मात्र बसेन. आणखी तासभर उडवायची परवानगी आहे."

आइता टर्कीचं इंजिन डब्यातून काढायलाच लागला होता. आमाने गुडघे टेकून पॅराशूट पसरलं होतं. दोघांची घाई चालली होती. 

मायते टेकडीकडे बघत उभी राहिली. टर्की उडेल, पायाशी पडेल, परीक्षेची सही होईल. तेवढ्यात पलीकडे तिकिटाएवढी बॅटरी संपेल, आणि मग त्या राखाडी मातीत लाटण्याएवढी काठी शोधायची. तिने रिसीव्हर बंद केला, निदान त्याचा तरी चार्ज वाचावा म्हणून. पाण्याच्या दोन बाटल्या उचलल्या.

"आइता, ते इंजिन परत डब्यात ठेव. आमा, पॅराशूट घडी कर."

"अगं, पण परीक्षेची सही!" आमा म्हणाली. "आणि सप्टेंबर?"

"सप्टेंबरला मी नुसती बघायला जाईन. सही पुढच्या मोसमात घेईन, आणि ती याच रॉकेटावर घेईन. मी आता टेकडीपलीकडे जातेय, ठरलंय माझं. आइता, तुला यायचं असेल तर ये. पण रिसीव्हर मी धरणार."