सोयऱ्यांची गाडी

"व्याही, जेवायला आलाव का गाडीखाली निजायला? उठा आता, मटन थंड व्हतंय," ओट्यावरून दामाजींचा आवाज आला.

"आलोच," गोविंदा म्हणाला, पण उठला नाही. खडवलीला व्याह्यांच्या अंगणात तो अँबेसिडरच्या पुढच्या चाकांमध्ये गोणपाट टाकून उताणा पडला होता. अंगात ठेवणीतला पांढरा सदरा, हातात पाना. डोक्यावरच्या चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दांड्यांवर तो हलकेच ठोकून बघत होता. उजवा दांडा खणखणीत वाजला. डावा एका जागी बदबद वाजला. तिथला काळा रंग ताजा होता. नखाने खरवडल्यावर आत वेल्डिंगची जाडजूड गाठ हाताला लागली. दांडा मोडून जोडलेला होता.

अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेलेला माणूस हा. यंदा त्याच्या कंपनीने ड्रायव्हर कमी केले आणि वर उपकार केल्यासारखं सांगितलं, स्वतःची गाडी आणलीत तर भाड्याने लावून घेऊ. तो गाडी शोधतोय हे कळल्यावर दामाजी म्हणाले, आमची टुरिस्ट गाडी घ्या, घरातली गाडी घरात राहील. तुळशीची लग्नं लागली की गोविंदाच्या नंदाचं आणि दामाजींच्या चंदूचं लग्न. आता व्याह्यांची गाडी नाकारायची कशी? आणि त्याहून पंचाईत म्हणजे, ती तपासायची कशी? पोटची पोर ज्यांच्या घरात डोळे मिटून द्यायची, त्यांची गाडी उताणं पडून बघणं म्हणजे त्यांना तोंडावर चोर म्हणणंच. गोविंदाची बायको तुळसा सकाळपासून हेच बजावत होती. पण गावाबाहेर एक फेरी मारताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि मग गोविंदाला काही राहवलं नाही.

तो बाहेर आला तशी तुळसा पाठीची माती झटकायला धावली. "पुरे झालं हां," ती दातओठ खात पुटपुटली. "सगळी आळी बघतेय."

दामाजींनी आरटीओच्या पासिंगचे कागद पुढे धरले. "बगा, दर सालचा शिक्का हाय. एकदा तरी गाडी परत पाठवलीय? जानेवारीन पास झायली ती पन एका फटक्यान."

शिक्के खरे होते. गोविंदाने ते एकेक करून पाहिले. "पासिंगचं काय म्हणणं नाही माझं. त्याच्यानंतर गाडी कुठे ठोकलेली काय?"

"ठोकलेली?" दामाजी हसले, जरा जास्तच हसले. "कोन बोलला तुमाना? चंदू, तू ठोकलीस काय रं गाडी?"

होणारा जावई दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "नाय बा," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

गोविंदाने खरं तर इथेच थांबायला हवं होतं. कुठलाही शहाणा मुलीचा बाप थांबला असता. वेल्डिंगचं नाव काढलं असतं तर दामाजींनी, आम्हीही जुनीच घेतलेली म्हणत, आधीच्या मालकाकडे बोट दाखवलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण तेवढ्यात दामाजींची बायको भागीरथी पानं घ्यायला बाहेर आली. तिला बघून गोविंदाला याच ओट्यावरचं चैत्रातलं जेवण आठवलं. कार्ल्याला एकवीरा आईचा नवस फेडून आल्यावर दामाजींनी बोकड कापून सगळी भावकी जेवू घातली होती. सोयरीक नुकतीच ठरलेली, म्हणून गोविंदा आणि तुळसाही जेवून गेले होते. नवस कशाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढ्यात मटण असताना असले प्रश्न सुचतात कुणाला!

"विहीणबाई," गोविंदा म्हणाला. "चैत्रात तुम्ही आईचा नवस फेडलात. तो कसला होता?"

भागीरथीचा हात तिथेच थांबला.

"तू आत जा," दामाजी म्हणाले.

ती गेली नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आईच्या नवसाचा खोटा कसा बोलू?" मग गोविंदाकडे वळली. "शिमग्याला चंदूनी गाडी रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर घातली. डावा अंग पुरा चेपलावता. पोर जिता निंगाला, म्हनून आईला बोकड बोललीवती मी."

दामाजींच्या कपाळाची शीर तटतटली.

"मंग? नीट करून घेतली ना आमी? गाडी हाय ती, ठोकनारच!" ते ओट्यावरून खाली उतरले. "सोयऱ्याच्या गाडीखाली शिरनारा मानूस पयल्यांदा बगला मी. येवढा शक हाय तर पोर कनाला देताव आमचे घरान?"

"ओ, असं काय बोलता," तुळसा रडकुंडीला आली. गोविंदाचा दंड तिने घट्ट धरला. "घेऊ की आपण गाडी. घ्या हो. नंतर करू काय ती दुरुस्ती."

गोविंदा चंदूकडे बघत होता. अजूनही वेळ गेली नव्हती. काका, गाडी धड नाही, घेऊ नका, एवढं जरी तो पोरगा बोलला असता तरी गोविंदाने सगळं पोटात घातलं असतं. चंदू चौकटीचा रंग नखाने उकरत राहिला. मग बापाकडे एकदा बघून तो आत निघून गेला.

"गाडी नको," गोविंदा म्हणाला.

"मंग सोयरीक पन नको."

वाढलेली पानं तशीच राहिली. भागीरथीने तुळसाला कुंकू लावलं, पण ओटी भरली नाही.

वर्तकनगरला घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. नंदा शिवणयंत्रावर होती. तुळसा तिच्याकडे न बघताच स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गोविंदाने चपलाही काढल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्याने पोरीला सगळं सांगितलं. मधे कुठे काही झाकलं नाही.

"चंदूला माहीत होतं?" नंदाने विचारलं.

"तोच चालवत होता."

"आणि तुम्ही विचारलंत तेव्हा?"

"नाही म्हणाला."

नंदाचा पाय मशीनवरून खाली आला. तिला तो पोरगा मनापासून आवडला होता, हे गोविंदाला माहीत होतं. त्याला स्वतःचाच राग आला, दामाजींचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या डाव्या दांड्याचा आला.

"मोडलं मी तुझं," तो म्हणाला.

"तुम्ही रोज बसणार होतात त्या गाडीत," नंदा म्हणाली. तिचा आवाज फुटला. "रोज, बाबा. आणि तो नाही म्हणाला."

तिने डोळे पुसले आणि मशीनखालचं कापड सारखं केलं. जाड पांढरं कापड, कडेला निळी पट्टी. गोविंदाला आता कुठे कळलं, ती गाडीच्या सीटची कव्हरं शिवत होती. त्याला न सांगता शिवत असणार. ड्रायव्हरच्या बाजूला चष्मा ठेवायला एक छोटा कप्पाही लावला होता.

"आता राहू दे ते," तो म्हणाला.

"एक बाजू राहिलीय फक्त."

तिने पाय चालवला, पण डोळे भरलेले, शिवण वाकडी जायला लागली. जड कापड टेबलावरून खाली ओघळत होतं. गोविंदा पुढे झाला आणि त्याने दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं. नंदाने शिवण पुन्हा सरळ केली. मशीन चालू झालं.