केरबाच्या दारातली काहील

मित्रांनो, कळंब्यात एखाद्या दारासमोर आठ फूट रुंदीच्या लोखंडी भांड्यात भेंडी डोलताना दिसली, तर ओळखा, ती मी. मी काहील आहे. उसाचा रस उकळून माझ्यात गूळ होतो. काहीजण मला मोठी कढई म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही.

पेठ वडगावच्या एका लोहारानं पत्रे जोडून मला घडवलं. पुढे चौदा हंगाम मी हंबीररावांच्या गुऱ्हाळावर काढले. खाली उसाच्या चिपाडांचा जाळ आणि शेजारी गूळ शिजवणारा केरबा गुळव्या. भेंडीची खोडं ठेचून त्यांचा चिकट रस तो माझ्यात सोडायचा. मग मळी वर यायची, ती काढली की गूळ पिवळाधमक व्हायचा. लोक गुळाचं कौतुक करायचे, थोडं केरबाचंही करायचे. माझं कुणीच नाही.

आमच्याकडे गुऱ्हाळावर आलेला माणूस काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक, घेतल्याशिवाय परत जात नाही. याच रिवाजानं घात केला. १९९८ च्या फेब्रुवारीत एकदा पाक ओतून मला पुन्हा पेटत्या चुलाणावर ठेवलं. अशा वेळी लगेच नवा रस घालावा लागतो, नाहीतर कोरडा तळ जळतो. नेमका तेव्हाच एक पाहुणा आला. तो नको नको म्हणत होता आणि केरबा आग्रह सोडत नव्हता. इकडे माझा तळ लालभडक होऊन फाटला. चांगलं नारळाएवढं भोक पडलं. ठिगळ लावून पाहिलं, तेही टिकेना.

"गुळव्याच्या हातनं काहील जळती व्हय? उद्यापास्नं येऊ नगंस," हंबीरराव म्हणाले. चारचौघांत त्याचं नाव गेलं. केरबा मान खाली घालून घरी गेला आणि मला भंगारात काढायचं ठरलं.

पण दुसऱ्याच दिवशी केरबाची बायको पारूबाई आली आणि हंबीररावांकडून मला मागून घेऊन बैलगाडीतून घरी घेऊन गेली. मला दारात बघून केरबा भडकला.

"माझी लाज दारात कशाला मांडतीस?"

"लाज न्हवं, काहील हाय ती. भोक हाय म्हणून पाणी तुंबायचं न्हाय."

तिनं मला दगडांवर बसवलं, भोकावर फुटकं कौल ठेवलं आणि माती, राख, शेणखत भरलं. खरं सांगते, मला फार राग आला. ज्या पोटात गूळ शिजला, त्यात शेण! पावसाळ्यात तिनं भेंडीचं बी टोचलं. केरबा मात्र कित्येक महिने माझ्याकडे पाठ करूनच बसायचा.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही हटेना. रानातली भेंडी पाण्यात उभी कुजली. माझ्यातलं पाणी मात्र भोकातून निघून जायचं. माझी झाडं पुरुषभर वाढली, आणि माझा राग कधी गेला ते मलाच कळलं नाही.

हंगाम सुरू झाला आणि हंबीररावांचा गूळ काळा पडू लागला. गावात भेंडीचं खोड मिळेना. एका सकाळी ते स्वतः दारात आले आणि केरबाकडे भेंडी मागू लागले.

केरबानं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. माझ्या काठावर हात ठेवून म्हणाला,

"भेंडी देतो. पर रसात सोडणार मी."

हंबीररावांनी भेंडीचं एक खोड हातानं चाचपलं. मग म्हणाले, "मग चल की."

त्या दिवशी गूळ असा उतरला की शेजारच्या गुऱ्हाळावरचे लोकही बघायला आले. संध्याकाळी केरबा गरम गुळाचा खडा घेऊन आला आणि पारूबाईच्या आधी तो माझ्या काठावर ठेवला. पारूबाई हसली. मित्रांनो, चौदा हंगामांत न मिळालेला मान मला त्या दिवशी मिळाला.

याला आठ वर्षं झाली. केरबा आजही हंबीररावांचा गुळव्या आहे, आणि भेंडी माझीच जाते. तेव्हा घरातली फुटकी बादली, गळका डबा भंगारात टाकण्याआधी त्याला एकदा नीट बघा. मागच्या महिन्यात एक वेल्डिंगवाला माझं भोक बुजवून देतो म्हणाला. केरबानं त्याला काकवी पाजली आणि परत पाठवलं.