काकांनी केलेला खटका

नाही रे रवी, मी टाहोला स्कीइंगला येत नाहीये. आणि थंडीचं कारण नाही, सुनेत्रा, हसू नकोस. स्की आहेत माझ्याकडे, गाडीतच पडल्यात. थांबा, सांगतो, पण मध्ये बोलू नका, नाहीतर माझा धागा सुटतो.

प्रताप आठवतो ना तुम्हाला, सांता क्लाराच्या दिगंबरकाकांचा, ज्यांच्याकडे आपण गणपतीला जेवलो? काका डिस्क ड्राइव्हच्या कंपनीत टूलरूम बघतात, म्हणजे हत्यारं, सुटे भाग बनवायचं खातं. मी एम.एस.ला आलो तेव्हा सुरुवातीला त्यांच्याचकडे राहिलो, प्रतापच्या खोलीत खाली गादी टाकून. प्रताप इथेच वाढलेला, मराठी सगळं कळतं, उत्तर बहुतेक इंग्लिशमध्ये. इंजिनियरिंग अर्ध्यात सोडलं आणि डोंगरात जाऊन स्कीच्या दुकानात काम धरलं. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की काका म्हणायचे, आमचे चिरंजीव लोकांच्या पायात बूट घालतात. प्रताप समोर असला तरी म्हणायचे.

पण प्रतापला दुकानात राहायचं नव्हतं, त्याला गाईड व्हायचं होतं. म्हणजे लिफ्टबिफ्ट काही नाही, आपल्या पायांनी रानातला बर्फाचा डोंगर चढायचा आणि मग स्कीवरून उतरायचा, आणि लोकांना सांभाळून तसं न्यायचं. एक गाईड सर्व्हिस त्याची ट्रायआउट, म्हणजे डोंगरावरच परीक्षा, घेणार होती. काका एकदा जेवताना म्हणाले, त्यांनी घेतलं तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. प्रतापनं घास तसाच धरून ठेवला. त्याला तेवढंच हवं होतं यार.

आता बाइंडिंग म्हणजे काय, तर बूट स्कीला जोडतं ते. चढताना टाच मोकळी, पाय उचलून चालता येतं, आणि उतरताना टाच मागच्या एका खटक्यात अडकवायची. आणि हे खटके साले टिकतच नाहीत. मऊ धातू, त्यात बर्फ, दगड, रोजचं उघडझाक, लगेच दात झिजतो. मग भलत्या उतारावर टाच आपोआप सुटते, आणि तिथे रानात कुठलं दुकान? प्रताप तारेनं बांधून घरी यायचा.

तर एकदा प्रताप घरी आलेला, मी आणि काका गॅरेजमध्ये गाडीचं ऑइल बदलत होतो आणि काकांना त्याच्या स्कीवरची ती तार दिसली. काका कसे आहेत माहितीये ना, काकूंचा मिक्सर पुण्याहून आणलेला, ट्रान्सफॉर्मर लावून अजून चालतोय. टोस्टरचा दांडा मोडला तर त्यांनी पितळेचा बसवला. त्या घरात वस्तू मोडली की फेकत नाहीत, पुन्हा कधी मोडणार नाही अशी करून ठेवतात. तार बघून म्हणाले, हे काय, बैलगाडी आहे का? प्रतापनं सांगितलं की नवा खटका घातला तरी सीझन काढत नाही. काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. खटका काढला आणि खिशात टाकला.

मग जेवणाच्या सुट्टीत, लपूनछपून, कंपनीच्या मशीनवर त्यांनी तो नवा केला. टूल स्टीलचा, भट्टीत कडक करून, दात चांगला खोल, पॉलिश असं की तोंड दिसावं. रुमालात गुंडाळून घरी आणला. प्रतापचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. एवढा दाढीवाला मुलगा, पण हातात घेऊन नुसता उलटा-सुलटा करत बसला.

लगेच बसवला. काकांनी स्की शिकंज्यात आवळली, बूट अडकवला, पाइप लावून पिळला. हलेना. मला म्हणाले, विनय, तूही लटक. मी लटकलो. नाही सुटला. काका एवढे खूश की काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं. "आता तुझी नातवंडं वापरतील," प्रतापला म्हणाले. म्हणजे प्रतापची नातवंडं स्की करणार हे काकांनी मान्य केलं, कळतंय का तुम्हाला?

तेव्हा प्रताप हळूच म्हणाला, "बाबा, इट हॅज टू ओपन. मी पडलो तर सुटायला पाहिजे."

"पडायचं कशाला? आणि सुटत होता म्हणूनच तार बांधलीस ना?"

प्रताप हसला, थँक्स बाबा म्हणाला.

डोंगरात जाताना गाडीत मी त्याला म्हटलं, अरे कानस घे आणि दात घास थोडा, म्हणजे पडलास तर सुटेल. म्हणाला, ट्रायआउट होऊ दे, मग घासतो. आल्या आल्या बाबा बघणार, त्यावर कानशीच्या खुणा दिसल्या तर? मग एकदम मराठीत म्हणाला, "माझ्यासाठी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी केलंय रे."

ट्रायआउटची पद्धत अशी की प्रत्येकानं एक नवशिका बरोबर आणायचा आणि त्याला धड वर नेऊन धड खाली आणायचं. प्रतापचा नवशिका मी. आणि काय सुंदर नेलं त्यानं मला, यार. कुठे थांबायचं, कुठला उतार टाळायचा, माझा ग्लोव्ह ओला झालाय हे मला कळायच्या आत त्याला कळायचं. परीक्षा घेणारा म्हातारा गाईड बरोबरच होता, वर पोचल्यावर त्यानं प्रतापच्या पाठीवर थाप मारली. झालंच होतं म्हणजे. उतरतानाही झालंच होतं, खाली पार्किंग लॉट दिसत होता. दुपारचा बर्फ, ओला, जड. प्रताप माझ्यासाठी वळून थांबायला गेला आणि त्याच्या स्कीचं टोक बर्फाखालच्या झुडपात अडकलं. जोरात नाही पडला. उभ्या उभ्या कलंडावं तसा पडला. अंग फिरलं, स्की फिरली नाही. मी आवाज ऐकला. मला वाटलं बाइंडिंग तुटलं, आणि आईशप्पथ, मला बरं वाटलं.

बाइंडिंग तुटलं नव्हतं.

त्या गाईडनं खटका उघडायला काठीनं ढोसलं, फावड्यानं ठोकलं, काही होईना. शेवटी बुटाचे बक्कल काढून आतून पाय ओढला. प्रतापनं माझा ग्लोव्ह दातात धरला होता. मग गाईडनं तो खटका नीट निरखला आणि विचारलं, हा कुणी केला?

प्रताप म्हणाला, "मी."

मी तोंड उघडलं तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. गाईड शांतपणे म्हणाला, पाय बरा होईल. पण जो स्वतःचं बाइंडिंग असं करून घेतो, त्याच्या भरवशावर मी माणसं पाठवणार नाही. आत्ताही नाही आणि पुढेही नाही.

पाय काही नीट बरा झाला नाही. गुडघ्यापासून पिळवटून गेलाय, लंगडतो तो. काकांनीच त्याला कंपनीत चिकटवला, पार्ट तपासायच्या खोलीत. दिवसभर मोजमापं घेतो. हॉस्पिटलमध्ये त्यानं मला बजावलं होतं, खटक्याचं बाबांना कळता कामा नये, आणि काकांना कळलेलं नाही. काका मंडळात सांगतात, अहो माझ्या खटक्याला ओरखडा नाही, पोराचाच पाय कच्चा निघाला. लोक हसतात. प्रतापही हसतो.

परवा रविवारी मी गेलो होतो त्यांच्याकडे. चहा झाल्यावर काकांनी खिशातून रुमाल काढला. म्हणाले, विनय, तुझंही बाइंडिंग त्याच जातीचं आहे ना, मग तुझ्यासाठी करून ठेवलाय, टाहोला हाच लावून जा. मी प्रतापकडे बघितलं. तो सोफ्यावर पाय लांब करून बसला होता.

"घे ना," म्हणाला. "बाबांनी बनवलाय."

घेतला मी. काय करणार? हा बघा. रवी, धर हातात. काय काम केलंय बघ, एक खोट सापडायची नाही तुला.