बिनमुळाची काठी

मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. काठीबाबांनी वीतभर लांबीची बोडकी, वाळकी काठी उंच धरली आणि जाहीर केलं, की ज्याच्या घरी ही फुटेल त्याचं दुखणं गेलंच म्हणून समजा. ना माती, ना पाणी, नुसती खिडकीत टांगायची. मग तशाच काठ्या घरटी एक वाटल्या. थंडी सरता सरता गल्लोगल्लीच्या खिडक्यांत खरोखरच हिरवी पानं आली.

गल्लीतल्या झाडांच्या नर्सरीवालीच्या धाकट्या भावाकडेही आली. त्यानं त्याच दिवशी इन्सुलिन बंद केलं.

ती तडक त्याच्या घरी गेली. काठी हातात घेताच तिनं ओळखलं, ही चाफ्याची फांदी. नखानं साल खरवडली, तर आत हिरवीगार. टोक मोडलं, तर पांढरा चीक ठिबकला. चाफा थंडीत पानं गाळतो, ऊन तापलं की फुटतो. तोडून टांगला तरी खोडातल्या साठ्यावर फुटतो, हे तिनं त्याला परोपरीनं सांगितलं.

भाऊ हसला. "ताई, तुला झाडांतलं कळतं. बाबांना माणसांतलं."

मग तिनं आपल्याच चाफ्याच्या फांद्या छाटून नर्सरीच्या फाटकावर टांगल्या. बाबा नाही, मंत्र नाही, फक्त सुतळी. काही दिवसांत सगळ्या फुटल्या. तिनं अख्खी गल्ली बोलावली. लोकांनी डोळे भरून पाहिलं आणि फाटकालाच हात जोडले. बाबांची कृपा नर्सरीपर्यंत पोचली म्हणे! आता शहाण्यानं डोकं आपटायचं तरी कुठं?

इकडे भावाची पँट सैल होऊ लागली. वजन उतरलं म्हणून स्वारी खूश, आणि पाणी मात्र तांब्यामागून तांब्या. खिडकीतली पानं सुरकुतायला लागली होती. तिनं काठीचं बूड त्याच्यासमोर धरलं.

"हिला मूळ कुठंय, दाखव. स्वतःतलंच खाऊन हिरवी झाली, ते आता संपत आलंय. तूही स्वतःलाच खातोयस, म्हणून बारीक होतोयस."

त्यानं काठी हातात घेऊन निरखली. मग बायकोला म्हणाला, "हिला जरा सावलीत टांग. ऊन लागतंय."

लोकहो, पानं पाहून हात जोडण्याआधी मूळ कुठं आहे, एवढं तरी विचारा. नर्सरीवाली रोज विचारते. बर्फाच्या डब्यात इन्सुलिन घेऊन ती त्याच्या दारात उभी राहते, आणि नको म्हणायला भाऊ आता भिंत धरून येतो.