पाटावरचा आकडा

ऋषिराजला 'लाइव्ह' या शब्दाचं भारी कौतुक. बारामतीच्या ऑफिसात भिंतीभर टीव्ही लावल्यापासून तो चहासुद्धा पडद्याकडे बघतच मागवायचा. शेतकऱ्यांच्या फळ कंपनीचा अध्यक्ष म्हटल्यावर भिंतीवर काहीतरी हलतं-बदलतं दिसायला नको का?

ते हलतं ठेवण्याचं काम प्रगतीचं. पूर्वी बावड्याच्या कोल्ड स्टोरेजची राखण करणारे महिपती आबा रोज सकाळी फोन करून आतलं तापमान सांगायचे आणि ती ते एक्सेलमध्ये भरायची. आता तिथं तळहाताएवढी एक डबी होती. डबी स्वतःच्या सिमकार्डावरून तापमान क्लाउडवर पाठवायची आणि प्रगतीनं तो डेटा डॅशबोर्डला जोडला होता. जोडणी काही सुखासुखी झाली नाही. कधी पडद्यावर कालचाच आकडा अडकून बसायचा, कधी सगळा पडदा कोरा. शेवटी एकदाचं जमलं आणि आबांचा सकाळचा फोन बंद झाला. त्याची उणीव कुणाला भासली नाही.

प्रगती वरकुट्याची. तिच्या आईनं, ठमाबाईनं, ऊस मोडून सीताफळ लावलं होतं आणि यंदा पहिलाच बहर धरला होता. व्यापारी बांधावर येऊन माल उचलायला तयार होता. पण प्रगतीनं आईला पटवलं की पुण्याचा मोठा खरेदीदार मिळतोय, माल कंपनीत ठेवू. बाकी कुणी धजावलं नाही. त्यामुळे बावड्याच्या त्या खोलीत होती ती सगळी फळं एकट्या ठमाबाईची होती.

खरेदीदार दीपक नेमका खंडेनवमीला आला. त्याची अट एकच होती, पुण्यात बसून खोलीचं तापमान आपल्याला दिसलं पाहिजे. ऋषिराजनं टीव्ही लावला. चौदा अंश असायला हवे तिथं एकोणीस आले. ऋषिराज बोलत राहिला. सव्वीस आले, मग एकतीस. तेव्हा तो प्रगतीच्या कानाशी लागून कालचा पडदा लावता येतो का ते विचारू लागला.

प्रगतीनं बावड्याला फोन लावला. बऱ्याच वेळानं आबांच्या बायकोनं, धोंडाबाईनं, उचलला. फोनसुद्धा पूजेत होता, म्हणून तिनं तो पाटावरचा पाटावरच ठेवून स्पीकर लावला. तिनं सांगितलं, कोयता, पाना, वजनकाटा असं सगळं घासूनपुसून मांडलं होतं आणि त्यात खोलीतून काढून आणलेली ती डबीही होती. उलट आबांनी पहिलं हळद-कुंकू डबीलाच लावलं होतं, कारण त्यांचं रोजचं काम आता तीच करत होती.

हे ऐकून ऑफिसात हशा पिकला. प्रगतीही हसली. गावाकडची पोर असल्याचा तिला त्या क्षणी अभिमानच वाटला. तिनं दीपकला ऐटीत समजावलं की आज अवजारं पाटावर असतात, उद्यापर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही, आणि हे एकतीस अंश खोलीचे नाहीत, पाटाचे आहेत. दीपकनंही आपल्या गाडीला सकाळीच हार घातला होता. त्याला पटलं.

फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, "काकू, खोली गार हाय न्हवं?"

"दार बंद हाय की. गारच असंल."

"बरं," प्रगती म्हणाली.

दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली गाडी भरायची ठरलं.

सकाळी प्रगती आणि ऋषिराज बावड्याला पोचले. आबांनी दार उघडलं तशी आतून उबट, गोड वासाची हवा अंगावर आली. क्रेटमधलं पहिलं फळ प्रगतीनं उचललं आणि तिचा अंगठा आत गेला. दुसऱ्याचीही तीच गत. खोली गार ठेवणारं मशीन बंद होतं. त्याला हळद-कुंकू लावताना आबांनी मेन स्विच पाडला होता आणि पूजा झाल्यावर तो वर करायचा म्हणजे अवजाराला हात लावायचा, म्हणून तो तसाच ठेवला होता. दरवर्षी ते असंच करत आले होते. तेव्हा आत डाळिंबं असायची, त्यांना दिवसभराच्या उकाड्यानं काही होत नसे. सीताफळाचं हे पहिलंच वर्ष.

आबा एकेक क्रेट उपसून एखादं तरी कडक फळ सापडतंय का ते बघू लागले. ऋषिराज मात्र लगेच सावरला. वीज गेली होती असं दीपकला सांगू, म्हणाला.

प्रगतीला आबांचा राग आला, तो फार वेळ टिकला नाही. पडद्यानं खोलीचं काहीच सांगितलं नव्हतं, आणि काही सांगत नाही हे तिला कळलं होतं. तरी ती हसली होती. तिनं स्वतःच दीपकला फोन करून जे घडलं ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि गाडी रिकामीच माघारी बोलावली.

मग आईला फोन. ठमाबाईनं आधी विचारलं, पुण्याची माणसं आपली फळं बघून काय म्हणाली.

"आये, फळं पुण्याला गेली न्हाईत. समदी पिकली. मशीन बंद हुतं आन मी नीट इचारलं न्हाय."

"टाकू नगं," ठमाबाई म्हणाली. "टेम्पो करून घरी आण. आज दसरा हाय. सोनं द्यायला जाताना घरटी वाटू."

संध्याकाळी वरकुट्यात मायलेकी दारोदार फिरल्या. ठमाबाई आपट्याची पानं द्यायची, प्रगती दोन-दोन सीताफळं. मऊ पडलेली फळं तिला दोन्ही हातांनी सांभाळून द्यावी लागत होती. दोन वर्षं आईला त्या झाडांना पाणी पाजताना बघितलेली माणसं उंबऱ्यातच फळ फोडून खात होती आणि मनापासून म्हणत होती, साखर हाय साखर. ठमाबाई प्रत्येक दारात हसून मान डोलवत होती. प्रगतीला ते बघवत नव्हतं.

सारजा आत्याच्या दारात म्हातारीनं बोटं चाटत विचारलं, "एवढी ग्वाड फळं, इकायची सोडून वाटताय व्हय?"

ठमाबाईनं सारवासारव करायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रगती म्हणाली, "माझ्या चुकीनं पिकली, आत्या."

ठमाबाईनं पोरीच्या हातातलं ओझं आपल्या हातात घेतलं आणि पुढच्या दाराकडं चालू लागली.