टोपी काढणारा कोल्हा

गोरक्ष शेगर आयुष्यभर खोटा फौजदार होता, आणि त्याचा त्याला खरा अभिमान होता. जन्म बेलापूरच्या बहुरूप्याच्या घरातला. अंगात खाकी, हातात वेताची छडी, मिशीला काजळ. गल्लीत शिरला की आरोळी ठोकायचा, "कोंबडा उशिरा आरवला, मालकावर वॉरंट हाय! चला ठाण्यात!" पोरं घरात पळायची, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. घटकाभर दंगा झाला की गोरक्ष टोपी काढून म्हणायचा, "मी गोरक्ष शेगर, बेलापूरचा बहुरूपी. सोंग संपलं, माय." त्यांच्या घरची रीतच तशी. आपलं नाव सांगितल्याशिवाय ओंजळ पुढे करायची नाही. टोपी न काढता मूठभर ज्वारी घेतली तरी ती चोरी, असं त्याचा बाप सांगायचा.

पण मोबाईलवरच्या अफवेला रीत कोण शिकवणार? पोरं पळवणारी टोळी वेषांतर करून फिरते आहे, असं एका साली गावोगाव झालं. एका गावात माणसांनी गोरक्षला घेरलं. टोपी काढायलाही कुणी उसंत दिली नाही. एका म्हातारीनं ओळखलं आणि मध्ये पडली, म्हणून हातपाय शाबूत राहिले. त्या दिवशी खाकी ट्रंकेत गेली आणि गोरक्ष बाजारात पोती उचलू लागला.

त्याची लेक जया नगरला एका दवाखान्यात नर्स होती. मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. त्या प्रकारानंतर बाप काय करतो हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "शेती आहे थोडी." शेती कुठली डोंबलाची! दारात तुळशीची एक कुंडी होती. गोरक्षला हे कळलं होतं, पण त्यानं पोरीला कधी बोल लावला नाही. कोल्हा म्हटलं की लोक दगडच उचलणार असतील, तर पिल्लानं शेपूट लपवली म्हणून बिघडलं कुठं?

अशात एक दिवस आराधना दारात उभी राहिली. नगरचीच मुलगी, कार्टूनचे सिनेमे करायची.

"काका, मी लहान असताना तुम्ही मला अटक केली होती," ती म्हणाली. "आधी रडले, मग हसून हसून पोट दुखलं. माझ्या सिनेमात एक लबाड कोल्हा आहे. त्याला तुमचाच आवाज पाहिजे."

"लबाडासाठीच बरा माझा आवाज आठवला," गोरक्ष म्हणाला. पण मनातून हरखला. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याच्या आवाजासाठी दार ठोठावलं होतं.

भिंतींना गोधड्या टांगलेल्या एका खोलीत आवाज भरायचं काम झालं. सिनेमातला कोल्हा पोलिसाची टोपी घालून शेळ्या-कोंबड्यांच्या वस्तीत वॉरंट बजावतो आणि दंड म्हणून अंडी उकळतो. एकदा वस्तीत बिबट्या शिरतो. कोल्ह्याला पळायला वाट मोकळी असते. तो पळत नाही. टोपी सारखी करून बिबट्यालाच असा दरडावतो की तो बावचळून निघून जातो. मग वस्ती कोल्ह्याला साहेब मानते आणि सिनेमा संपतो.

गोरक्षनं असा काही दम भरला की आराधनासुद्धा दचकली. आणि त्याच झोकात, जन्माच्या सवयीनं, डोक्यावर नसलेली टोपी काढून तो बोलून गेला, "मी गोरक्ष शेगर, बेलापूरचा बहुरूपी. सोंग संपलं, माय."

मग त्यानं जीभ चावली. "चुकलं बाई. त्येवढं कापून टाका."

आराधनानं तेवढं वाक्य पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाली, "काका, मला आधीचा शेवट पटत नव्हता. हेच ठेवू? तुमच्या नावासकट?"

"ठेवा की!" गोरक्षची छाती फुगली. इतकी फुगली की जयाचा विचार आत शिरायला जागाच उरली नाही.

नगरच्या एका सभागृहात रविवारी सिनेमा दाखवला. गोरक्षनं लेकीला फोनवर भीत भीत सांगितलं होतं. ती आली, पण मैत्रिणींबरोबर. नजरानजर झाली आणि जयानं मान खाली घातली. शहाणा बाप मुकाट्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला. आली हेच खूप, असं म्हणून त्यानं मनात हात जोडले.

आणि मग त्याला आठवलं. शेवटी आपलं नाव आहे, गाव आहे, धंदाही आहे! सगळ्या मैत्रिणींसमोर पोरीचं पितळ उघडं पडणार. आराधनाला गाठून आवाज बंद करायला सांगावं म्हणून तो उठला, तोवर दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

लोक हसत होते, गोरक्षला घाम फुटला होता. बिबट्या आला, गेला. पडद्यावर कोल्ह्यानं टोपी काढली. दाबलेले कान वर आले आणि सभागृहात खणखणीत आवाज घुमला, "मी गोरक्ष शेगर, बेलापूरचा बहुरूपी. सोंग संपलं, माय." वस्ती त्या उघड्या कोल्ह्याकडे बघत राहिली. मग एक म्हातारी कोंबडी म्हणाली, "कोल्हा हायेस व्हय? बस मग. दमला असशील." टाळ्यांचा कडकडाट झाला.

दिवे लागले. जयाची मैत्रीण पूजा वळून मोठ्यानंच म्हणाली, "शेगर? बेलापूरचे? जया, तुझे कुणी आहेत का गं?"

न्हाई म्हन पोरी, गोरक्ष जमिनीकडे बघत मनात म्हणाला. मला राग न्हाई यायचा.

"आमचे आण्णा हाईत ते," जया म्हणाली. खोलीवर इतकी वर्षं काढली, पण मैत्रिणींनी तिच्या तोंडून घरची बोली पहिल्यांदाच ऐकली. ती उठून उभी राहिली आणि भर सभागृहात तिनं हाक मारली, "आण्णा! तिकडं कोपऱ्यात काय करताय? हिकडं या."

गोरक्ष गेला. जयानं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. बसताना त्याला आराधना आठवली, मध्ये पडलेली ती म्हातारी आठवली, तो चित्रातला कोल्हासुद्धा आठवला. किती जणांचे उपकार, आणि फेडायचे तरी कसे, असं त्याला झालं.

"काका, एकदा कोल्ह्याचा आवाज काढा ना!" पूजा म्हणाली.

गोरक्षनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जयानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब गं जरा," ती पूजाला म्हणाली. "आत्ता ते नुसते माझे आण्णा हाईत."