मी अँड मावशी

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. या धंद्यात चुका वाचायच्या असतात, मजकूर नाही. तीस वर्षांत हजारो पानं डोळ्यांखालून गेली, पण त्यातली एकही गोष्ट मला धड सांगता येणार नाही. स्वल्पविराम कुठे घसरला होता ते मात्र झोपेतून उठवून विचारा. असा माणूस नवरा म्हणून कसा असेल, ते माझ्या बायकोला विचारू नका.

बायको लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मुख्य नर्सच्या जागेनं तिला दोनदा हुलकावणी दिली होती. आता तिसऱ्यांदा बोलावणं आलं आणि मुलाखत होती इंग्रजीतून. "या वेळी नाही झालं तर पुन्हा अर्ज करणार नाही," ती म्हणाली. झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी शिकवायला बसलो.

नोकरीतला एखादा कठीण प्रसंग सांगा, हा प्रश्न हमखास येणार होता. तिनं सुरुवात केली, "मी अँड मावशी..." मावशी म्हणजे त्यांच्या वॉर्डातली मदतनीस.

"थांब! मावशी अँड आय. दुसरा आधी, आपण शेवटी. आणि 'मी' नाही, 'आय'." मी तिचं वाक्य कागदावर लिहून मावशीला अंगठ्याखाली झाकलं. "आता उरलेलं म्हणून बघ. 'मी वेंट' म्हणशील का?"

"'मी गेले' म्हणतेच की आपण."

"ते मराठीत!"

सहा आठवडे हेच. रोज जेवणं झाली की ती सुरू करायची आणि तिसऱ्या शब्दाला माझा अंगठा खाली यायचा. पुढे पुढे तर ती तोंड उघडायच्या आधीच अंगठ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, सुधारतेय.

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीची उत्तरं तुटक गेली. मग तो प्रश्न आला. आणि ती म्हणाली, "मी अँड मावशी..."

मी ताडकन उठलो. अंगठा हवेत. टेबलाशी बसलेल्या कारकुनानं ओठांवर बोट ठेवलं, तेव्हा मी खाली बसलो. आणि तिचं वाक्य पहिल्यांदाच पुढे गेलं.

वॉर्डातल्या वायरी जळाल्या होत्या. सगळीकडे धूर. दोघी मिळून मुलांना जिन्यानं खाली आणत होत्या. मुलं अकरा, खाली भरली दहा. मावशीला खोकल्यानं उभंही राहवेना. ही एकटी परत वर गेली. खाटेखाली लपलेला पोरगा हाताला लागला. जवळ ओला टॉवेल एकच होता, तो तिनं त्याच्या तोंडावर धरला.

मला तो दिवस आठवला. तिच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. मी मुद्रितातून मान वर न काढता विचारलं होतं, "दूध उतू गेलं की काय?" ती "हो" म्हणाली होती आणि मी पुढचं पान घेतलं होतं. त्या बाकावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाहेर आली. "किती चुका झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

तासाभरानं कारकुनानं येऊन सांगितलं, जागा तिला मिळाली. ती डोळे पुसत हसली. अभिनंदन करायचं सोडून मी विचारलं, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"शाळेत जातो आता. दर वर्षी त्या तारखेला वॉर्डात येतो, मला आणि मावशीला भेटायला."

"मग एकदाही घरी कसं आणलं नाहीस?"

"घरी?" तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "त्याला बोलायला फार आवडतं हो."